डिकीतला पाना

नव्या स्कूटरबरोबर सीटखालच्या डिकीत एक लहानशी पिशवी मिळते. तीत एक प्लगपाना, एक-दोन चपटे पाने आणि उलटसुलट बसणारा एक स्क्रू ड्रायव्हर असतो. शेजारी मालकासाठीची पुस्तिका असते. किती किलोमीटरला काय तपासावे आणि काय बदलावे, याचा तक्ता तीत छापलेला असतो. पुष्कळ घरांत ही पिशवी आणि ही पुस्तिका स्कूटर विकली जाईपर्यंत तशीच पडून राहते. पेट्रोल भरायचे, आवाज आला की गाडी गॅरेजमध्ये सोडायची आणि संध्याकाळी बिल देऊन घेऊन यायची, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार उरला आहे. तो सोयीचा आहे, यात शंका नाही. पण ज्या यंत्रावर आपण रोज स्वतःला, शाळेत निघालेल्या मुलाला आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या आईला सोपवतो, त्या यंत्राविषयी आपण पूर्ण अडाणी राहावे, हे मला पटत नाही. स्कूटरची किरकोळ देखभाल मालकाने स्वतःच्या हाताने केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, आणि पैशांची बचत हे त्याचे मुख्य कारण नाही. यंत्र उघडून पाहणाऱ्यालाच त्याच्याविषयी स्वतःचे मत बनवता येते. ज्याला ते उघडता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते. आरसी बुकावर त्याचे नाव असले, तरी त्याची मालकी कागदापुरतीच राहते.

महाराष्ट्राचे स्कूटरशी नाते जुने आहे. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा तयार केली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज ऑटोने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात या गाड्या घराघरांत पोचल्या आणि घरच्या माणसांनीच सांभाळल्या. हे सांभाळणे शक्य झाले ते गाडीच्या आराखड्यामुळे. व्हेस्पाचा मूळ आराखडा १९४६ साली कोराडिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने केला होता. मोटरसायकलचे चाक बदलताना होणारी यातायात टाळण्यासाठी त्याने पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. चेतकमध्ये तीच रचना आली. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे, म्हणून एकच स्टेपनी दोन्हीकडे चाले. रिम दोन अर्धुकांची, नटांनी जोडलेली. हवा पूर्ण सोडून नट काढले की अर्धुके वेगळी होत आणि ट्यूब बाहेर येई. रस्त्याच्या कडेला, कोणाच्याही मदतीशिवाय, डिकीतल्या पान्याने हे काम होत असे. यंत्र मालकाला उघडता यावे की नाही, हे मालकाच्या हुशारीवर ठरण्याआधी कारखान्यातल्या कागदावर ठरते, ही गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी. पुढच्या युक्तिवादात ती पुन्हा लागणार आहे.

याचा अर्थ जुन्या स्कूटरचे दिवस परत यावेत, असा कोणी घेऊ नये. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते आणि मिश्रणाचा बराच भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. त्या निळ्या धुराने शहरांची हवा बिघडली होती आणि ती इंजिने मागे पडली, हे योग्यच झाले. प्लगवर सारखा कार्बन धरायचा, पावसाळ्यात गाडी एका बाजूला कलवून किक मारत बसावे लागायचे, क्लचची किंवा गिअरची वायर भररस्त्यात तुटायची. त्या गाड्या त्रास देत, म्हणून लोक शिकले. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने विनागिअर स्कूटर रुजवली. नव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्टिव्हासारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी रस्ते भरले. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली आणि कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. बटण दाबले की गाडी सुरू होते, महिनोन्‌महिने तक्रार करत नाही. ही खरीखुरी प्रगती आहे. पण तिच्याबरोबर एक चुकीची समजूतही आली. गाडी बंद पडत नाही म्हणजे ती ठीक आहे, असे आपण धरून चालू लागलो.

चांगल्या यंत्राचे बिघाड हळूहळू आणि आवाज न करता वाढतात. टायरमधली हवा दर महिन्याला थोडी कमी होते. ११० सीसीच्या अनेक स्कूटरना पुढे २२ आणि मागे २९ पीएसआयच्या आसपास हवा लागते, मागे माणूस बसणार असेल तर त्याहून जास्त. ती पाच-सहा पीएसआयने उतरली तरी डोळ्यांना दिसत नाही; गाडी थोडी जड चालते, वळणावर थोडी लोळते, टायरच्या कडा लवकर झिजतात. ब्रेकचे तसेच आहे. ड्रमच्या आतले लायनर झिजत जाते तसा लिव्हर दर आठवड्याला केसभर अधिक आत येतो आणि बोटांना त्याची सवय होत जाते. ज्या दिवशी समोर अचानक कोणी येते, त्या दिवशीच ती सवय महागात पडते. इंजिन ऑइलची गोष्ट त्याहून गंभीर आहे. अशा इंजिनात मुळात पाऊण लिटरभर ऑइल असते. त्यातले दोनशे मिलिलिटर कमी झाले म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक गेले. मोटारीत ऑइलचा दाब घटल्याचे सांगणारा दिवा असतो. बहुतेक स्कूटरांत तो नसतो. तिथे एक पट्टी असलेले झाकण असते. ते फिरवून काढायचे, पुसायचे, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे परत टेकवून पाहायचे, इतकेच काम. दोन मिनिटांत होणारी ही तपासणी न झाल्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर खराब होतात आणि अर्ध्या इंजिनाचा खर्च येतो.

या तपासण्यांसाठी खास बुद्धी लागत नाही. बनवणाऱ्यांनी यंत्रावर खुणा करून ठेवल्या आहेत; त्या वाचणारा डोळा हवा. अनेक स्कूटरांत मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या दांडीपाशी एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण पॅनेलवरच्या खुणेला भिडला, की लायनर संपले असे समजायचे. टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलायचा. ब्रेक लिव्हरचे टोक साधारण एक ते दोन सेंटिमीटर मोकळे हलले पाहिजे; जास्त हलत असेल तर चाकापाशी वायरच्या टोकाला असलेला नट अर्धा आटा फिरवायचा, गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवायचे आणि ते कुठे घासत नाही ना हे पाहायचे. एअर फिल्टरचे झाकण चार-पाच स्क्रूंचे असते. आतला कागद तेलाचा हात दिलेला असेल तर तो हवा मारून साफ करायचा नसतो, मुदत झाली की बदलायचा असतो. पट्टी, बाण, उंचवटे, लिव्हरची मोकळीक, फिल्टर आणि प्लग एवढ्या गोष्टी ज्याला कळल्या, त्याला आपल्या गाडीची प्रकृती कळली.

कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा आहे. आणि दोष चालवणाऱ्याला माहीत असला तरच नव्हे, तर साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, अशा वेळीही जबाबदारी चालवणाऱ्यावरच येते. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. म्हणजे ‘साधी काळजी’ या शब्दांचा अर्थ आपल्या रस्त्यांवर प्रामुख्याने दुचाकीवाल्यांच्या सवयींवरून ठरतो. झिजलेल्या ब्रेकने फक्त मालकाचेच नुकसान होते असे नाही. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचे प्राणही त्यावर अवलंबून असतात. देखभाल हा खासगी छंद मानता येत नाही, तो इथे. दुसऱ्याच्या वाट्याला धोका येऊ नये म्हणून घ्यायची ती खबरदारी आहे.

यावर पहिला आक्षेप कामाच्या वाटणीचा घेतला जातो. ज्याचे काम त्याने करावे; शिक्षकाने शिकवावे, मेकॅनिकने गाडी दुरुस्त करावी; सुट्टीचा तास ऑइलमध्ये हात बुडवून घालवण्यापेक्षा दोनशे रुपये दिलेले बरे. हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. पण काम दुसऱ्याकडे सोपवता येते; ते नीट झाले की नाही हे ठरवणे मात्र सोपवता येत नाही, आणि ते ठरवायला थोडे ज्ञान लागतेच. एक नेहमीची तक्रार घ्या: ‘गाडी ओढत नाही.’ विनागिअर स्कूटरमध्ये याची निदान सहा-सात कारणे असू शकतात. ब्रेक चाकाला धरून राहिला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर कोंदला असेल, प्लग खराब असेल, मागचा बेल्ट झिजून अरुंद झाला असेल, पुढच्या पुलीतले रोलर एका बाजूने चपटे झाले असतील किंवा क्लचचे शू घसरत असतील. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, तो फक्त ‘पिकअप नाही’ एवढेच सांगतो, आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. त्यात मेकॅनिकची लबाडी असतेच असे नाही. अपुऱ्या माहितीवर प्रामाणिक माणूसही अंदाजच करतो. ज्याने घरी गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक फिरवून पाहिले, हवा मोजली, फिल्टर उघडला, त्याने पाव तासात तीन कारणे बाद केलेली असतात. तो गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, ‘चाके मोकळी आहेत, हवा बरोबर आहे, फिल्टर नवा आहे, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.’ या वाक्याने अर्धे निदान झालेले असते. पुढचे कव्हर उघडण्याचे काम तो आनंदाने मेकॅनिकवर सोपवतो, पण झिजलेला बेल्ट दाखवायला सांगतो, त्याच्या कडा पाहतो आणि पैसे देतो. कामाची वाटणी इथेही आहेच. फरक इतकाच की ती दोन डोळस माणसांमध्ये झालेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे, कारण तो दुसऱ्याच्या पोटाचा विचार करतो. सगळे आपापले काम करू लागले तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने काय करायचे? झाडाखाली हवेचा पंप आणि पान्यांची पेटी घेऊन बसलेल्या माणसाच्या कौशल्यावर आपली शहरे चालतात, हे मी मान्य करतो. पण हवा तपासणे आणि ब्रेकचा नट अर्धा आटा फिरवणे यावर त्याचे घर चालत नाही. बेअरिंग बसवणे, व्हॉल्व्हची फट जुळवणे, क्लच बांधणे, इंजिन खोलणे ही त्याची खरी विद्या आहे, आणि तिची किंमत ज्याने स्वतः एकदा तरी पाना हातात धरला आहे त्यालाच कळते. गंजलेला नट आटे न घालवता कसा सोडवायचा, याला किती वर्षांचा हात लागतो, हे जाणणारा गिऱ्हाईक मजुरीवरून घासाघीस करत नाही. शिवाय या छोट्या गॅरेजला खरा धोका मालकाच्या हौसेपासून नाहीच. बिघाड वाचण्याचे उपकरण फक्त अधिकृत केंद्राला, तांत्रिक पुस्तिका फक्त अधिकृत केंद्राला, अस्सल पार्टही त्याच वाटेने, अशी व्यवस्था पक्की होत गेली तर आधी हा गॅरेजवाला संपेल आणि मग मालकाला निवडच उरणार नाही. मालक आणि रस्त्यावरचा मेकॅनिक एकाच बाजूचे आहेत. दोघांनाही यंत्र उघडता आले पाहिजे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धवट ज्ञान घेऊन ब्रेकला हात घालणारा माणूस अडाण्यापेक्षा धोकादायक ठरू शकतो. म्हणून सीमा आखली पाहिजे, आणि ती कंपनीच्या सोयीने नव्हे तर कामाच्या स्वभावाने आखली पाहिजे. हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. चूक झाली तर ती गाडी उभी असतानाच कळेल का? केलेले काम जसेच्या तसे उलटवता येईल का? आणि त्याला खास हत्यार किंवा बारीक माप लागते का? हवा, ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर, प्लग, ड्रम ब्रेकची मोकळीक, दिव्याचा बल्ब, बॅटरीचे टोक साफ करणे ही कामे या कसोटीला उतरतात. व्हॉल्व्हची फट फीलर गेजशिवाय जुळवता येत नाही; क्लच आणि पुलीचे नट ठरावीक ताकदीने आवळावे लागतात; डिस्क ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. ही कामे जाणकाराची. जी घरी करायची, त्यांनाही शिस्त आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, इंजिन निवलेले असावे. बंद जागेत इंजिन सुरू ठेवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ऑइल काढण्याचा बोल्ट हाताने आटे जुळवून मगच पान्याने आवळावा, कारण इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियम मऊ असते आणि आटे एकदा गेले की गेले. वापरलेले ऑइल गटारात ओतू नये. तो घातक कचरा आहे आणि तो गॅरेजच्या पिंपातच गेला पाहिजे. आणि कोणतेही काम झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या जागेत, सावकाश. ही शिस्त पाळणारा माणूस अर्धवट राहत नाही. आपल्या ज्ञानाची हद्द त्याला कळते, आणि ती न उघडणाऱ्याला कधीच कळत नाही.

चौथा आक्षेप काळाचा आहे. आता इंजेक्शन आले, सेन्सर आले, विजेच्या स्कूटर आल्या. या गाड्यांत मालकाने पाहण्यासारखे उरले काय? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. विजेच्या स्कूटरची बॅटरी घरी उघडायची वस्तू नाही. २०२२ मध्ये देशात अशा स्कूटरना लागलेल्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करावे लागले, ते उगाच नाही. पण त्या स्कूटरलाही टायर आहेत, ब्रेक आहेत, बेअरिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर आहेत, आणि त्यांचे झिजणे तसेच आहे. इंजेक्शनच्या गाड्याही पूर्ण मुक्या नसतात. काहींत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा क्रमांक सांगतो. तो क्रमांक वाचता आला तर मालक पुन्हा संभाषणात येतो. खरा प्रश्न असा आहे की ही भाषा कोणाला शिकवायची आणि कोणापासून लपवायची. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली मिळत नव्हती. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने सांगितले. दंडाच्या रकमेवर पुढे वाद झाले, पण तत्त्व स्पष्ट झाले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहनांचा समावेश केला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. मोटारीसाठी जे मान्य झाले, ते स्कूटरसाठी अधिकच लागू आहे, कारण स्कूटर हे कमी उत्पन्नाच्या घराचे एकमेव वाहन असते. पण वापरणारेच नसतील तर हक्क कागदावर वाळतो. पुस्तिका न उघडणारा समाज पुस्तिका खुल्या करण्याची मागणी कशी करणार?

या सगळ्याच्या मुळाशी हाताच्या कामाविषयीची आपली जुनी अढी आहे. लोहाराने लोखंड वळवावे, सुताराने लाकूड तासावे आणि लिहिणाऱ्याने हात स्वच्छ ठेवावेत, ही विभागणी आपल्याकडे जन्माने होत आली. जातीने केवळ कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावली, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. तिचा परिणाम असा झाला की ज्यांच्या हातात हत्यार होते त्यांना शाळा मिळाली नाही, आणि ज्यांना शाळा मिळाली त्यांच्या हातात हत्यार आले नाही. हे जोडण्याचे प्रयत्न याच मातीत झाले आहेत. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात श्रम करून शिकणारी पिढी घडवली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून काम करता करता विज्ञान शिकता येते, हे दाखवले. स्कूटर ही या शिक्षणाची घराघरांत उभी असलेली प्रयोगशाळा आहे. घर्षण म्हणजे काय हे ब्रेकमध्ये दिसते, केंद्रोत्सारी बल पुलीतल्या रोलरमध्ये, ज्वलन प्लगच्या रंगात आणि दाब टायरमध्ये. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून चार तास एका उघड्या स्कूटरपाशी उभे केले, तर पाठ्यपुस्तकातल्या चार धड्यांना हात-पाय फुटतील. आणि त्या वेळी मुलींनी पुढे उभे राहावे. विनागिअर स्कूटरने महाराष्ट्रातल्या असंख्य स्त्रियांना कोणाची वाट न पाहता घराबाहेर पडता आले. तरीही गॅरेजमध्ये गाडीच्या मालकिणीशी न बोलता तिच्या सोबतच्या पुरुषाशी बोलण्याची रीत अजून गेलेली नाही. ऑइलची पट्टी आणि ब्रेकचा बाण वाचता येणाऱ्या बाईशी ती रीत टिकत नाही.

जागा नाही, ही शहरातली अडचण खरी आहे. पण हवा मोजायला आणि नट फिरवायला गाडी उभी करण्यापुरती जागा पुरते. गृहनिर्माण संस्थांनी पार्किंगमध्ये एक कोपरा, एक पायपंप, पान्यांचा एक संच आणि जुन्या ऑइलसाठी एक झाकणाचा डबा ठेवला, तर पन्नास घरांचे काम भागेल. जिमसाठी आणि झेंडावंदनासाठी जागा निघते. त्याहून ही जागा लहान आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि दसऱ्याला स्कूटर धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी तिच्यापुढे हात जोडताना आपण मनापासून जोडतो, हे मला ठाऊक आहे. जे आपले ओझे वाहते त्याच्याविषयी कृतज्ञ असावे, हा संस्कार चांगलाच आहे. पण यंत्राला हार कळत नाही. त्याला वेळेवर घातलेले ऑइल कळते, बरोबर भरलेली हवा कळते, झिजण्याआधी बदललेले लायनर कळते. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे: येत्या रविवारी डिकीतली ती पिशवी बाहेर काढा, पुस्तिकेतला देखभालीचा तक्ता वाचा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचे चाक हाताने फिरवून पाहा. घरातल्या मुलामुलींना शेजारी उभे करा. पहिल्या दिवशी फक्त हवा, ऑइल आणि ब्रेक, एवढे तीनच पाहिले तरी पुरे. पुढच्या वेळी गॅरेजच्या दारात उभे राहाल, तेव्हा आपल्या गाडीविषयी स्वतः पाहिलेले काहीतरी सांगता येईल.